दुखणे ते दवाखाना : ग्रामीण आरोग्यसेवेचा पहिला अभ्यास करणाऱ्यांसाठी

समाजकार्य, नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांतले तरुण कार्यकर्ते यांच्या पहिल्या प्रस्तावाचे शीर्षक बहुतेक वेळा एकाच साच्यातले असते : 'अमुक तालुक्यातील आरोग्यसेवांच्या उपलब्धतेचा अभ्यास'. त्यात उपकेंद्रे किती, मंजूर पदे किती, रिक्त किती यांचा तक्ता असतो आणि शेवटी रिक्त पदे भरावीत अशी शिफारस असते. हे आकडे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच असतात. त्यांच्यासाठी महिनाभर उन्हातान्हात फिरण्याचे कारण नाही. कोणत्याही कार्यालयाच्या नोंदवहीत जे सापडत नाही ते वेगळेच आहे : दुखणे सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत, किंवा उपचार न मिळताच माणूस घरी परतेपर्यंत, त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे काय काय झाले. या वाटेचा अभ्यास कसा करावा हे येथे सांगितले आहे. महाराष्ट्रातील एका तालुक्यात, दोन-तीन जणांनी मिळून, तीन-चार महिन्यांत आणि बेताच्या खर्चात तो करायचा आहे असे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी : प्रश्न लहान करावा

प्रश्नात नुसता 'आरोग्यसेवा' हा शब्द आहे तोवर अभ्यासाला सुरुवात झालेली नाही असे समजावे. कोणता आजार, कोणते रुग्ण, कोणती हद्द आणि वाटेचा कोणता टप्पा, एवढे तपशील प्रश्नातच आले पाहिजेत. उदाहरणार्थ, 'एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना गोळ्या महिनोन्महिने सलग मिळतात का, आणि खंड पडत असल्यास तो कोठे व कशामुळे पडतो?' प्रश्न दिसायला किरकोळ आहे; पण औषधसाठा, एसटीचे वेळापत्रक, बुडणारी मजुरी, उपकेंद्र उघडण्याची वेळ आणि 'एकदा गोळी लागली की जन्मभर लागते' हा समज, हे सगळे त्याच्या उत्तरात आपोआप येते.

प्रश्नाला आकार देण्यासाठी दोन जुन्या मांडण्या उपयोगी पडतात. थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंबांची मांडणी केली : दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, तिथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. सर्पदंश, पक्षाघात किंवा तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया यांनाही ती तितकीच लागू पडते. पेंचान्स्की आणि थॉमस यांनी १९८१ मध्ये पाच प्रश्नांची मांडणी केली : सेवा मुळात आहे का, ती अंतराच्या दृष्टीने गाठता येते का, तिच्या वेळा आणि पद्धती लोकांच्या दिनक्रमाशी जुळतात का, ती परवडते का आणि लोकांना ती पटते का. अचानक ओढवणाऱ्या आजारासाठी पहिली मांडणी घ्यावी, वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारासाठी दुसरी. दोन्ही एकदम घेतल्या तर प्रश्नावली वीस पानांची होते आणि पाचव्या घरापासून आपणच ती उडवत भरू लागतो.

नेमका प्रश्न किती दूर नेतो याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली आणि दोन गावांतील ६५० स्त्रियांची स्त्रीरोगविषयक तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना किमान एक तरी आजार असल्याचे आढळले, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दवाखान्याच्या ओपीडीतील नोंदी कितीही बारकाईने चाळल्या असत्या तरी हे हाती लागले नसते, कारण त्या स्त्रिया ओपीडीपर्यंत पोहोचलेल्याच नव्हत्या.

दुसरी पायरी : जाण्यापूर्वीचे वाचन

गावात जाण्यापूर्वी सरकारी रचना पाठ असावी. निकषानुसार सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर १,२०,००० आणि ८०,००० लोकसंख्येमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. त्या पातळीचे काम आपल्याकडे प्रामुख्याने ग्रामीण रुग्णालय करते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमण्याची पद्धत त्यातूनच आली. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. गावकरी मात्र आजही 'सबसेंटर' किंवा 'सिस्टरचा दवाखाना' असेच म्हणतात. प्रश्नावलीत लोकांचाच शब्द लिहावा.

आकडेवारीसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) जिल्ह्याचे पत्रक पाहावे, पण ते जिल्ह्यापाशीच थांबते हे लक्षात ठेवावे. जिल्ह्याची टक्केवारी तालुक्याला चिकटवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. आरोग्य विभागाच्या मासिक अहवालांत दिलेल्या सेवांची मोजदाद असते. जो आलाच नाही तो त्यात नसतो.

तिसरी पायरी : परवानग्या आणि नैतिकता समिती

माणसांवरील आरोग्य-संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात, आणि माहिती गोळा करण्यापूर्वीच संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते. ती नंतर मिळत नाही. त्याशिवाय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज, त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि संबंधित वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला वेगळे पत्र, इतके तरी हवे. या सगळ्याला दीड ते दोन महिने सहज लागतात, त्यामुळे वेळापत्रक आखताना तेवढे आधीच धरावेत.

संमतिपत्र मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा भाषेत असावे. सही येत नसेल तर अंगठा घ्यावा, सोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्यावी, आणि तो साक्षीदार आपल्या चमूतला नसावा. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी बोलायचे असल्यास पालकांची संमती आणि त्या मुलाची किंवा मुलीची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात.

एका गोष्टीची तयारी बहुतेक प्रस्तावांत नसते. घरोघर फिरताना धाप लागलेले बाळ, अंगावर सूज आलेली गरोदर बाई किंवा रक्तदाब २०० च्या वर गेलेला म्हातारा भेटणारच. त्या क्षणी प्रश्नावली बाजूला ठेवून काय करायचे, कोणाला फोन करायचा, १०८ ची रुग्णवाहिका त्या वस्तीपर्यंत येते की मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावे लागते, हे पहिल्या दिवसाआधी एका कागदावर लिहून चमूतील प्रत्येकाच्या खिशात असले पाहिजे.

चौथी पायरी : रिकाम्या हाताने गावात जावे

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत प्रश्नावली सोबत नेऊच नये. मंदिराच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर लोकांकडून जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढून घ्यावा : गावठाण, मळ्यातली घरे, तांडा, पाडा, ओढा, पावसाळ्यात बंद पडणारी पाणंद, दवाखाना. गावाच्या नावाखाली मोडणाऱ्या पण तीन-चार किलोमीटरवर असलेल्या वस्त्या याच नकाशात पहिल्यांदा दिसतात. एसटी किती वाजता येते, मुक्कामी गाडी आहे का, काळी-पिवळी किंवा वडाप किती माणसे भरल्यावर सुटते, बाजाराचा वार कोणता, हे सगळे वहीत उतरवावे. 'दवाखाना नऊ किलोमीटरवर आहे' या वाक्याला फारसा अर्थ नाही. सकाळची गाडी साडेसातला, केंद्रातली ओपीडी नऊनंतर आणि परतीची गाडी दुपारी तीनला असेल, तर तो दवाखाना एका दिवसाच्या मजुरीइतका लांब आहे.

याच फेऱ्यांत आशाताईंशी ओळख करून घ्यावी, पण मुलाखतींच्या वेळी त्यांना सोबत नेऊ नये. बहुतेकजण सोय म्हणून हेच करतात : आशाताई घरे दाखवतात, दार उघडून घेतात, आणि मग आपण त्यांच्याच समोर विचारतो, 'आशाताई घरी येतात का?' उत्तर शंभर टक्के 'हो' येते. त्या बिचाऱ्यांचा अर्धा दिवसही जातो. त्यांना वेगळे भेटावे, त्यांची बाजू वेगळी ऐकावी.

भाषेचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत घरातली भाषा कोरकू आहे, आणि कोरकूचे मराठीशी नातेच नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे. तिथे दुभाषी म्हणून सासरच्या पुरुषाला बसवून सुनेला बाळंतपणाविषयी विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच आहे. त्याच समाजातली, पण शेजारच्या गावातली, थोडी शिकलेली बाई शोधावी, तिला दोन दिवस प्रशिक्षण द्यावे आणि तिच्या कामाचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत.

पाचवी पायरी : घरे निवडणे

एखादे प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर आणि १० टक्के कमी-अधिक फरकाने काढायचे असेल, तर साधारण ९६ जणांचा नमुना लागतो. फरक ५ टक्क्यांवर आणायचा असेल तर ३८४ जणांचा. संपूर्ण यादीतून निवड करण्याऐवजी आधी काही गावे आणि मग त्यांतली घरे अशी निवड केली, तर हा आकडा वाढवावा लागतो. दुप्पट धरण्याचा प्रघात आहे. विद्यार्थ्यांच्या चमूने उगाच मोठ्या आकड्याच्या मागे न लागता काळजीपूर्वक निवडलेली दोनशे घरे आणि त्यांतल्याच पंचवीस-तीस रुग्णांच्या वाटेची सविस्तर नोंद एवढे करावे, असे माझे मत आहे.

गावात २४० घरे असून ३० हवी असतील तर दर आठवे घर घ्यावे. पहिले घर एक ते आठमधली चिठ्ठी काढून ठरवावे. घर बंद असल्यास शेजारच्या घरात शिरू नये, संध्याकाळी पुन्हा यावे. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात आम्ही रोज सकाळी अकरा ते चार या वेळेत फिरलो आणि हाती लागलेल्या माणसांत निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची होती. मजुरीला जाणारी बाई त्या वेळी घरी नसते हे कळायला आम्हाला संगणकावरचा तक्ता बघावा लागला, हे सांगायला आज लाज वाटते.

हंगामाचे तसेच आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गाळप हंगाम संपल्यावरच परततात. मधल्या काळात केलेल्या सर्वेक्षणात ज्यांना दवाखाना सर्वांत दुर्मीळ आहे नेमके तेच लोक गळतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य पातळीवरील समितीमार्फत पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली असल्याचे समोर आले. जानेवारीत त्याच गावांत घरोघर गेलेल्या माणसाला बहुतेक दारांना कुलपे दिसली असती.

सहावी पायरी : वाट विचारणे

सगळ्या अभ्यासाचा जीव या पायरीत आहे, म्हणून येथे घाई करू नये. 'गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होते का?' या प्रश्नाला ग्रामीण भागात सर्रास 'नाही' असे उत्तर येते, कारण अंथरुणाला खिळल्याशिवाय आजारपण मोजायची पद्धतच नाही. त्याऐवजी 'कोणाला ताप, खोकला, जुलाब, अंगावरून जाणं, कंबरदुखी असं काही?', 'कोणी सुई घेतली, सलाईन लावलं, मेडिकलमधून गोळी आणली?', 'कामावरचा खाडा कोणाचा झाला?' असे एकेक विचारत जावे. किरकोळ आजारासाठी पंधरा दिवसांची आणि दवाखान्यात भरती होण्यासाठी वर्षभराची मुदत धरावी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीतही हेच अंतर वापरले होते. तारखा लोकांना आठवत नाहीत, पोळा आठवतो, पेरणी आठवते, गावची जत्रा आठवते. स्थानिक सणांचे आणि शेतीकामांचे एक पानी कॅलेंडर सोबत ठेवावे.

मग एकच आजार धरून बोट धरल्यासारखे मागे मागे जावे. 'हे साधं नाही असं पहिल्यांदा कधी वाटलं?' 'घरात कोण काय म्हणालं?' 'आधी कोणाला दाखवलं?' 'पैसे कुठून आणले?' 'कशानं गेलात, गाडीची किती वेळ वाट पाहिली?' 'तिथं तुमच्याशी पहिल्यांदा कोण बोललं?' 'पुढं पाठवलं तेव्हा चिठ्ठी दिली का, ती दाखवता का?' 'घरी परत किती वाजता आलात?' उत्तरात भगत, गावातला डिग्री नसलेला डॉक्टर, मेडिकलवाला असे कोणीही आले तरी चेहऱ्यावरची रेष हलू देऊ नये. आपण नाक मुरडले की पुढचे सगळे टप्पे सरकारी दवाखान्याचेच सांगितले जातात.

शक्य तिथे वस्तू पाहावी. एका डोंगराळ वस्तीवर साठीच्या एका आजीबाईंना मी विचारले, 'बीपीच्या गोळ्या रोज घेता का?' 'घेते की, रोज.' प्रश्नावलीत 'नियमित' वर खूण झाली. निघताना सहज म्हटले, 'दाखवा बरं गोळ्या.' त्यांनी दाराआडच्या खिळ्याला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेचा केसपेपर होता, घडीवर घडी घालून मऊ झालेला, आणि तीस दिवसांसाठी दिलेल्या गोळ्यांपैकी चार अजून शिल्लक होत्या. सोबत कागदाच्या पुडीत विळीवर कापलेले अर्धे तुकडे होते. रोज घेत होत्या हे खरेच होते. अर्धी घेत होत्या, कारण गोळ्या आणायला जाण्याचा पुढचा योग मुलगा सुट्टीला येईल तेव्हाचा होता. तेव्हापासून आमच्या प्रश्नावलीत 'गोळ्या घेता का' या प्रश्नाच्या खाली एक चौकट असते : पाकिटावरची तारीख, दिलेल्या गोळ्या, उरलेल्या गोळ्या.

खर्च विचारताना बिलावर थांबू नये. समजा, ग्रामीण रुग्णालयात उपचार मोफत झाले. पण दोघांचे जीपभाडे १२० रुपये, चहा-वडापाव ६०, बाहेरून करायला सांगितलेली सोनोग्राफी ९०० आणि दोघांची बुडालेली मजुरी ७०० मिळून १,७८० रुपये गेले. 'दवाखान्याचा खर्च किती?' या प्रश्नाला याच घरातून 'काही नाही' किंवा 'नऊशे' असे उत्तर येईल. म्हणून प्रत्येक बाबीची वेगळी ओळ हवी, आणि पैसे उसने घेतले असल्यास व्याजाचा दरही लिहावा. गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांसाठी सरकारी रुग्णालयात औषधे, तपासण्या, जेवण आणि ने-आण २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार मोफत असायला हवी. त्यांच्या बाबतीत प्रत्येक ओळीसमोर 'हक्क असूनही खर्च' अशी खूण करावी.

नोंदींसाठी कोबोटूलबॉक्ससारखे, रेंज नसतानाही चालणारे मोफत साधन वापरावे. नावे आणि फोन क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये, सांकेतिक क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत.

सातवी पायरी : सेवा देणाऱ्यांची बाजू

आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, औषधनिर्माते, वैद्यकीय अधिकारी आणि रुग्णवाहिकेचे चालक यांच्याशीही बोलावे. 'अडचणी काय आहेत?' असे विचारले की रिक्त पदांची यादी ऐकायला मिळते. त्यापेक्षा 'कालचा दिवस सकाळपासून सांगा' असे म्हणावे. आजीबाईंच्या गोळीचा प्रवास उलट दिशेने इथेच कळतो : साठा कधी मागवला, कधी आला, किती आला, आणि तीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांच्याच गोळ्या देण्याचे कोणी ठरवले. औषध भांडाराची नोंदवही पाहण्याची परवानगी आधीच्या अर्जातच मागून ठेवावी.

आठवी पायरी : निष्कर्ष काढणे

प्रत्येक वाट एका मोठ्या कागदावर रेघ म्हणून काढावी आणि थांबे, तास व रुपये तिच्यावर लिहावेत. पंचवीस रेघा एकाखाली एक लावल्या की त्या कुठे तुटतात हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. टक्केवारी त्यानंतर काढावी. निष्कर्ष 'जनजागृतीचा अभाव' या शब्दांत येऊ लागला तर पुन्हा रेघांकडे जावे. अर्धी गोळी खाणाऱ्या बाईला जागृती पुरेशी असते, गाडी नसते.

तुटलेली जागा सापडल्यावर उपाय नेहमी नवी इमारत किंवा नवा डॉक्टर हाच असेल असे नाही. गडचिरोलीत आजारी नवजात बाळ दवाखान्यात पोहोचतच नाही हे दिसल्यावर 'सर्च'ने गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन उपचार घरापर्यंत नेले. ३९ गावांत हा प्रयोग झाला, तुलनेसाठी ४७ गावे होती, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात, त्या २०११ पासूनच्या देशव्यापी कार्यक्रमामागे हे काम आहे. शोधग्राम या 'सर्च'च्या परिसरातला दवाखानाही आदिवासींना विचारून, त्यांच्या घरांसारख्या कुटीरांत उभारला, जेणेकरून नातेवाईकांना रुग्णाजवळ राहता यावे. सेवा 'पटते का' हा प्रश्न तिथे बांधकामाच्या नकाशापर्यंत पोहोचला.

नववी पायरी : गावात परत जाणे

अहवाल विद्यापीठाला देण्यापूर्वी निष्कर्ष गावात वाचून दाखवावेत. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होतात, तेव्हा अभ्यासाचा शेवट यांपैकी एका तारखेच्या बेताने आखावा. कोणाचीही ओळख पटणार नाही याची काळजी घ्यावी. लहान वस्तीत 'साठीच्या विधवा आजी' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीचे काम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतून सुरू झाले, आणि त्यातील जनसुनवायांमध्ये गावकऱ्यांनी आपले अनुभव थेट अधिकाऱ्यांसमोर मांडले. तसे मोठे व्यासपीठ नसले तरी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात कागदोपत्री असते. तिची बैठक घ्यायला लावणे हेच पुष्कळदा अभ्यासाचे पहिले फळ ठरते.

मागण्या तीनपेक्षा जास्त नसाव्यात आणि प्रत्येक मागणी नेमक्या कार्यालयाकडे जावी. रक्तदाबाच्या गोळ्या उपकेंद्रातूनच दोन महिन्यांच्या एकदम मिळाव्यात, हे पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. परतीची गाडी तीनऐवजी साडेबाराला सोडावी, हे पत्र एसटीच्या आगार व्यवस्थापकांना. सोबत वाटेच्या रेघांचा कागद आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडावी. अर्ज दोन प्रतींत करावा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच घ्यावी आणि ती प्रत आपल्या फाइलमध्ये न ठेवता सरपंचांकडे द्यावी, कारण महिन्याने आगारात चौकशीला तेच जाणार आहेत.